वृद्धाश्रमात नुसतं बसून तुम्ही करता काय?

‘म्हातारपणाचा अभ्यास डॉक्टर करतात, मग मानवशास्त्राचं तिथे काय काम?’ हे इतक्यांदा विचारलं जातं की एकदा लिहूनच टाकावं.

डॉक्टर पेशंट बघतात. आम्ही त्या पेशंटभोवतीचा कारभार बघतो: ड्यूट्या, रजिस्टरं, जेवणाच्या वेळा, कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते. पलंगाच्या पायथ्याशी त्याचा तक्ता लटकत असतो. ८, १०, १२, २. तपासणीला आलेला माणूस सह्या मोजतो. आम्ही शाई बघतो. चारही सह्या एकाच पेनाच्या, एकाच घाईच्या दिसल्या, तर बहुधा ड्यूटी सुटताना एकदम ठोकलेल्या. पण म्हणून आयाबाईंना लगेच कामचुकार ठरवू नका. एकटीच्या अंगावर वीस पलंग असले की कूस आणि तक्ता यातलं एकच वेळेवर होतं. कधी कूस बदललेली असते, सही राहिलेली. कधी नेमकं उलटं. नेमकं काय घडलं ते कागदावरून कळत नाही. फरक कळायला तिथे बसावं लागतं, तेही रात्रपाळीला.

पहिले दोन आठवडे सगळे पाहुण्यासमोर वागावं तसे वागतात. त्या टिपणांवर फार विसंबू नये. तुमची सवय झाली की खरं काम सुरू होतं. समोर वही उघडायची नाही. खिशातल्या चिठोऱ्यावर चार शब्द, आणि त्याच रात्री पूर्ण टिपण. तासभर पाहिलेलं लिहायला दोन-तीन तास सहज जातात. उद्यावर ढकललं की माणसांचे शब्द जातात आणि आपली मतं तेवढी उरतात.

संचालकांची परवानगी म्हणजे इमारतीत शिरायची परवानगी, आजींची नव्हे. स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) असेल तर नातेवाइकांची सही असली तरी रोज नव्याने विचारायचं, “बसू का जरा?” त्यांनी तोंड फिरवलं की उठायचं.

आजाराच्या नावाचाही घोळ असतो. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी बनारसमध्ये यावरच काम केलं. त्यांचं पुस्तक १९९८ सालचं. तिथे ‘सठिया गये’ म्हणत, आणि म्हाताऱ्याच्या बरळण्याचा दोष मेंदूपेक्षा घरच्यांच्या वागण्याला लागे. आपली ‘साठी बुद्धी नाठी’ त्याच गोत्रातली. त्यामुळे घरच्यांना ‘डिमेन्शिया आहे का?’ विचारलं की ‘छे, वय झालंय’ एवढंच हाती लागतं. ‘हल्ली गॅस बंद कोण करतं?’ असं विचारून बघा.