सोलापुरात कॅलरिक करणार असाल तर आधी पाणी मोजा

यंत्रमागाच्या खडखडाटाने कान जातात हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. त्या आवाजाने तोलही बिघडतो का, हे तपासायला आम्ही पूर्व भागातले कामगार घेऊन एका सामायिक प्रयोगशाळेत गेलो. फोनवर सांगितलं होतं, "सगळं आहे सर, नुसती माणसं घेऊन या." डोळ्यांची हालचाल टिपणारं व्हीएनजी होतं, आतल्या कानाचा प्रतिसाद तपासणारं ओएई होतं, श्रवणनसेची चाचणी करणारं बेरा होतं, डोळ्यांवर लावायचा व्हीएनजीचा गॉगल तर नवाकोरा. थंड पाणी तेवढं नव्हतं.

हसू नका. कॅलरिक ही तोलाची चाचणी, तिच्यात कानात एकदा 44 आणि एकदा 30 अंशांचं पाणी सोडतात, शरीराच्या 37 पेक्षा सात वर नि सात खाली. त्या फरकाने आतल्या नलिकेतला द्रव हलतो, डोळे लयीत सरकू लागतात, आणि आपण तेच मोजतो. फरकच नसेल तर मोजणार काय? तिथल्या यंत्राला पाणी तापवता येतं, गार करता येत नाही. मे महिना, गच्चीवरची काळी टाकी, भर दुपार. माझ्या थर्मामीटरवर 'थंड' पाणी 38! पहिल्या कामगाराचे डोळे ढिम्म. गरम पाण्याने मात्र झकास नाचले, म्हणजे कान शाबूत. तंत्रज्ञ म्हणाला, "उन्हाळ्यात असंच येतं." मग आजवरच्या उन्हाळ्यातल्या रिपोर्टांचं काय, असं विचारल्यावर चहा आला.

शेवटी चौकातून बर्फाची लादी आणली. बर्फ पाण्यात टाकू नका, तो कसला असतो देव जाणे. पाण्याचा कॅन बर्फात ठेवा. एका कानाला अर्ध्या मिनिटात पाव लिटर पाणी जातं, पुढच्या वेळेआधी पाचेक मिनिटं थांबावं लागतं, आणि तेवढ्यात पारा पुन्हा चढतो. दर वेळी मोजा. आम्ही बर्फ फोडत होतो तेव्हाही भाड्याचं घड्याळ चालूच होतं, वर बिलात 'ऑपरेटर चार्ज' निराळा. फोनवर त्याचा उच्चारही नव्हता. दर लेखी घेतल्याशिवाय माणसं हलवू नका. माझं स्पष्ट मत: एप्रिल-मेमध्ये इथे कॅलरिक करूच नये, डिसेंबरात या.

पाण्याआधी प्रत्येक कानात ऑटोस्कोपने बघा. जुने फुटके कान बरेच निघतात, त्यांत पाणी घालायचं नाही. चक्करेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून दोन दिवस आधी बंद हव्यात. "गोळी घेता का" विचारलं तर सगळे नाही म्हणतात, पाकीट दाखवायला सांगा.

ऑडिओमेट्रीची, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीची, खोली उत्तम, तक्रार नाही. फक्त माणूस मागावरून थेट आणू नका. निदान 14 तास आवाजापासून लांब हवा, नाहीतर 4000 हर्ट्‌झचा खड्डा, म्हणजे त्या सुरापाशी घटलेलं ऐकू येणं, कायमचा की पाळीपुरता, कळत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, पाळीआधी सकाळी बोलवा. मालक कुरकुरतो, कुरकुरू द्या. आणि तेलुगू बोलणारं कुणीतरी सोबत घ्याच. शब्द ओळखायच्या चाचणीत मराठी शब्दयादी ऐकवली तर अर्ध्या जणांचा निकाल कानाचा नाही, भाषेचा लागेल.

कॅलरिकनंतर कुणालाही लगेच दुचाकीवर बसवू नका. आमच्यातले एक मामा उलटी होऊन तासभर आडवे होते. परतीला रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेसच धरा, संध्याकाळची कुठलीही गाडी चुकणार.