पॅकिंग शेडचं ॲप: पावसाळ्यात झालेलं काम

मंडळी, देवगडजवळच्या एका आंबा पॅकिंग शेडसाठी हौसेने लिहीत असलेल्या ॲपची सिंक (सगळ्या फोनमधल्या नोंदी एकमेकांशी जुळवणारी व्यवस्था) आता नव्याने उभी राहिली आहे. बागेत काढणी करणारे, शेडमध्ये वर्गवारी करून पेट्या भरणारे, संध्याकाळी वाशीच्या गाडीत माल चढवणारे आणि घरी हिशेब ठेवणाऱ्या काकू, या सगळ्यांना एकच आकडा दिसला पाहिजे, एवढंच त्याचं काम. अडचण जागेची आहे. सड्यावर (वरच्या कातळपठारावर) रेंज मिळते, खाली व्हाळाकडे (ओढ्याकडे) उतरलं की जाते.

म्हणून फोनमधली प्रत हीच खरी धरली. नोंद आधी इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरमधल्या स्थानिक साठ्यात) जाते, पडदा तिथूनच वाचतो आणि सर्व्हरची रांग मागाहून रिकामी होते. ब्राउझरच्या ‘ऑनलाइन’ खुणेवर विसंबू नका. कुठलं तरी नेटवर्क जोडलेलं आहे एवढंच ती सांगते. सर्व्हर गाठता येतोय का, हे प्रत्यक्ष विनंती पाठवूनच कळतं. अपयशी विनंती पुन्हा पाठवताना दर वेळी थांबा वाढवा आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळा. वीज परत येऊन राउटर सुरू झाला की शेडमधले सगळे फोन एकदम सर्व्हरवर धडकतात, ते त्याने टळतं.

प्रत्येक नोंदीचा आयडी फोनवरच तयार होतो. त्यासाठी यूयूआयडीची (दुसऱ्या कुणाशी जुळणार नाही असा आयडी बनवण्याच्या पद्धतीची) सातवी आवृत्ती घेतली, जी २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकात आहे. तोच आयडी पुन्हा आला तर सर्व्हर फक्त ‘मिळालं’ म्हणतो, त्यामुळे पोच वाटेत हरवली तरी पेट्या दुप्पट होत नाहीत. या आयडीत पुढे वेळ असते, पण ती त्या फोनच्या घड्याळाची. घड्याळ मागेपुढे असलेले फोन शेडमध्ये भेटतातच, तेव्हा नोंदींचा अधिकृत क्रम सर्व्हरने दिलेल्या क्रमांकावरूनच लावा.

सर्वात जास्त विचार शिल्लक मोजण्यावर केला. समजा शेडमध्ये ४० पेट्या आहेत. एकाने रेंज नसताना १२ भरल्या, दुसऱ्याने त्याच वेळी १५ गाडीत चढवल्या. ॲप एकूण आकडा साठवत असेल तर एक फोन ५२ म्हणणार, दुसरा २५, आणि शेवटी पोचलेला आकडा जिंकणार. खरी शिल्लक ३७. म्हणून एकूण आकडा साठवायचाच नाही, फक्त हालचाली साठवायच्या: अधिक १२, वजा १५. कुठल्याही क्रमाने आल्या तरी बेरीज ३७ च येते. शापिरो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सीआरडीटी (वेगवेगळ्या प्रती भांडणाविना आपोआप जुळतील अशी माहितीची रचना) या नावाने मांडलेल्या कल्पनेतला हा सर्वात साधा प्रकार. याच कल्पनेवरच्या वायजेएस आणि ऑटोमर्ज या तयार कोड-लायब्रऱ्या उत्तम आहेत, पण माझ्या मते त्या एकत्र लिहायच्या मजकुरासाठी घ्याव्यात. मोजणीला आयडीसह बेरीज-वजाबाकी पुरते. चुकलेली नोंद पुसायची नाही, उलट नोंद टाकायची. काकूंना हे लगेच पटलं, त्यांच्या वहीतही तसंच असतं.

‘शिल्लक शून्याखाली जाऊ नये’ हा नियम मात्र ऑफलाइन पाळता येत नाही, हे आधीच मान्य करा. दोघांनी एकच पेटी चढवल्याची नोंद केली तर ॲपने काही लपवू नये. आकडा लाल दाखवावा आणि कोणाकोणाच्या नोंदींमुळे तसं झालं ते सांगावं. पुढचं माणसं फोनवर बोलून मिटवतात.

मराठी शोधाबद्दल थोडं सविस्तर, कारण हे फार कमी ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ‘ॲडव्हान्स’मधला पहिला ॲ दोन प्रकारे टाइप होतो: एक सलग अक्षर म्हणून, किंवा अ आणि वरची चंद्रखूण अशी जोडी म्हणून. दिसायला सारखेच, पण युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर लिहायचे वेगवेगळे प्रकार एकसारखे करण्याची पद्धत) त्यांना एक मानत नाही. ‘शेतकऱ्यांना’मधल्या ऱ्य चंही तेच: कुठे ऱ वापरलेला, कुठे साधा र आणि अदृश्य जोडखूण. मजकूर जसा लिहिला तसाच ठेवा, शोधासाठी वेगळी एकसारखी केलेली प्रत तयार करा. मजुरांच्या ॲडव्हान्सच्या नोंदी आता सगळ्या फोनवर सापडतात.

आयफोनवाल्यांना ॲप होम स्क्रीनवर बसवायला सांगाच. नुसतं सफारीत उघडलं आणि सात दिवस हात लावला नाही, तर ब्राउझर स्थानिक साठा पुसू शकतो.

आता डागी फळांचे फोटो राहिलेत. ते फोनवरच लहान करून वेगळ्या रांगेत टाकायचे, आकडे गेल्यावरच पाठवायचे, असं ठरवलंय. अर्ध्यात तुटलेलं अपलोड तिथूनच पुढे सुरू व्हावं म्हणून टस हा त्यासाठीचाच प्रोटोकॉल वापरून पाहतोय, त्यात फाइल तुकड्यातुकड्याने पाठवता येते. जुन्या अँड्रॉइडवर, कमी मेमरीत तो कोणी चालवला असेल तर तुकडा केवढा ठेवला ते कळवा.