नव्वद सेकंदांचा कोअर

शिरोली एमआयडीसीतली एक फौंड्री. फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेले नग (कास्टिंग) साफ करायच्या शेडमध्ये त्या सकाळी रिजेक्शनचा ढीग कमरेला लागत होता. दोष एकच, ब्लोहोल, म्हणजे गॅस अडकून धातूत पडलेलं भोक. मी एचआरचा, मला बोलावलं ते ‘कोअर शॉपची पोरं ऐकत नाहीत’ म्हणून.

कोअर म्हणजे कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा आकार. शेल कोअरसाठी रेझिन, म्हणजे वाळू बांधून ठेवणारा पदार्थ, लावलेली वाळू तापलेल्या कोअर बॉक्समध्ये, साधारण २५० अंशांवर, भाजून घ्यायची. या नगाला ९० सेकंद ठरलेले. टायमर बघितला, तर ६५. एक कोअर फोडला: वरून खरपूस तपकिरी, आत पिवळाधमक. असा कच्चा कोअर बसवून मेटल ओतलं की आतलं रेझिन जळून गॅस सुटतो, आणि वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्येच अडकतो.

टायमर कुणी फिरवला हे विचारायची गरजच नव्हती. महिन्यापूर्वी इन्सेंटिव्ह लागला होता, कोअरच्या नगावर. एक पोरगा म्हणालाच, “आकडा तुमीच मागितलासा न्हवं, सायेब?” दोष कळतो तिसऱ्या दिवशी, तोवर आकडा वहीत चढलेला.

एकच मशीन ९० वर होतं, सगळ्यांत जुन्या मामांचं. त्यांना इन्सेंटिव्ह एकदाही नाही. “कच्चा माल माझ्या हातनं जायचा न्हाई,” एवढंच बोलले.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी माणसाच्या कर्तृत्व, आपलेपणा आणि सत्ता अशा तीन गरजा मांडल्या. कर्तृत्वाची भूक असलेल्याला पैसा बक्षिसापेक्षा मोजपट्टी म्हणून जास्त लागतो, आणि निकाल लगेच हवा असतो. पोरं चहाच्या सुट्टीत एकमेकांचे आकडे विचारायची, भूक होतीच. मोजपट्टी चुकीची होती, आणि ती आम्हीच दिलेली.

त्याच दिवशी टायमरच्या पेट्यांना कुलूप लावून किल्ली मामांकडे दिली. दर तासाला प्रत्येक मशीनचा एक कोअर फोडून तिथंच ठेवायचा. प्रत्येक कोअर बॉक्समध्ये मशीनचं अक्षर कोरायला टाकलं, म्हणजे ते कास्टिंगवर उमटतं आणि खराब नग कुणाचा यावर वाद उरत नाही. इन्सेंटिव्ह फेटलिंगनंतरच्या चांगल्या नगांवर नेला. हे शेवटचं मालकांच्या गळी उतरवायला संध्याकाळ झाली.

एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली. किल्ली मामांकडे गेली आणि सुपरवायझर फुगून बसला. “मग माझं काम काय राह्यलं?” दुसऱ्या पाळीला मशीनवार आकड्यांचा फळा त्याच्या हातात दिला. खडू मात्र त्यानं लगेच उचलला नाही.