रोजमेळ

बुधवार, रात्री पावणेअकरा

आज वरणात मीठ दोनदा पडलं. तेच वरण अठ्ठावीस डब्यांत गेलं, आणि दुपारी एका रिकाम्या डब्यातून चिठ्ठी आली: 'काकू, आजचं वरण अरबी समुद्रातून आणलं का?' पोरगा अहमदपूरचा. समुद्र अजून बघितलेला नसेल, पण बोलायला पक्का. मी हसले, आणि मग ओट्यापाशीच जरा डोळ्यांत पाणीही आलं.

डोकं वरणात नव्हतंच. काल नळाचा दिवस. आमच्या गल्लीत आठव्या दिवशी पाणी येतं, वेळेचा काही नेम नाही. ज्या लातूरनं २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, तिथल्या बाईला नळाच्या रात्री झोप कशी लागावी? एकला उठले, अडीचला उठले, साडेतीनला नळाला कान लावला. मग डोळा लागला तो पाचला उघडला, तोवर पाणी येऊन गेलेलं. हौदात वीतभर. टँकरवाल्याला फोन लावत लावतच फोडणी घातली.

वरण ढवळताना डोक्यात काय काय होतं ते आता आठवून बघते. टँकर साडेअकराच्या आत यायला पाहिजे. गॅसची टाकी हलकी लागतीय. ज्वारी दळायला द्यायचीय. उद्या तिघांचा गुरुवार, त्यातल्या एकाला भगर चालत नाही. सासूबाईंची बीपीची गोळी. नांदेडच्या पोराचे दीड हजार. एवढ्या गर्दीत मीठ टाकलं की नाही हे कुठं उभं राहणार?

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती संभाजीनगरला मानसशास्त्रात एम. ए. करते. मिठाचं ऐकून आधी खूप हसली, मग शिकवायलाच लागली. १९२७ साली बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाईनं लोकांना छोटी छोटी कामं दिली, कोडी, मातीच्या वस्तू, असलं काहीबाही. निम्मी पुरी करू दिली, निम्मी मधेच थांबवली. नंतर विचारलं तर अर्धवट राहिलेली कामं जवळपास दुप्पट लक्षात. हे सुचलं म्हणे तिच्या सरांना, कुर्ट लेविन यांना, दिसलेल्या एका वेटरवरून. ज्यांचं बिल भरायचं राहिलंय त्यांनी काय काय खाल्लं ते त्याला तोंडपाठ, पैसे हातात पडले की साफ विसरला. पुढं दुसऱ्यांनी करून बघितलं तर प्रत्येकाला तेच सापडलं असं नाही, हेही तिनंच सांगितलं. पण मला पटायला तो वेटर पुरे. मी तरी दुसरी कोण आहे?

म्हटलं, मी तर रोज रात्री वहीत लिहिते की, मग डोकं का रिकामं होत नाही? तर म्हणाली, आई, तू झालेलं लिहितेस. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातला एक प्रयोग छापून आला. ५७ तरुण पोरं-पोरी, झोपायच्या आधी ५ मिनिटं लिहायचं. काहींनी होऊन गेलेली कामं लिहिली, काहींनी पुढं करायची. करायची लिहिणारे सरासरी ९ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी बारीकसारीक तितके लवकर.

नऊ मिनिटं म्हणजे माझ्या पाच-सहा भाकरी.

फोन ठेवला आणि अण्णा आठवले. गंजगोलाईजवळच्या एका आडतीवर मुनीम होते. दिवसभर शेतकरी, हमाल, मालाच्या हिशेबाच्या पट्ट्या, कुणाची उचल, कुणाचा तूर ओली असल्याचा वाद. संध्याकाळी कच्च्या वहीवरून रोजमेळ उतरवायचा, आणि मेळ बसल्याशिवाय गादीवरून उठायचं नाही. एकदा सव्वादोन रुपयांसाठी दहा वाजले. डबा घेऊन मीच गेले होते, म्हणून लक्षात आहे. शेवटी चहावाल्याला दिलेले निघाले. मला वाटलं, चला आता घरी. तर नाही. शिल्लक पुढच्या पानावर ओढली, वर उद्याची तारीख घातली, खाली ज्यांच्या पट्ट्या राहिल्या त्यांची नावं लिहिली, मग पेन खिशाला. घरी आल्यावर आडतीचा एक शब्द तोंडात नाही. आई चिडायची, यांना घरी आले की काही सुचतच नाही म्हणायची. सगळं त्या लाल वहीत ठेवून यायचे ते, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

मी त्यांच्याकडून अर्धंच उचललं. तारीखवार लिहायला शिकले, पुढचं पान उघडायचं राहून गेलं.

फोनवर गजर लावायचं लेक कधीपासून सांगते. लावला होता मागं. कणकेच्या हातानं बंद केला आणि कशाचा होता तेच विसरले.

तर आज पान उलटून लिहिते.

गुरुवार. सहाला गॅसवाल्याला फोन, सातनंतर तो उचलत नाही. ज्वारी दोन पायल्या, डबे न्यायला येणाऱ्या पोराच्याच सायकलवर गिरणीत. उपवासाचे डबे तीन: दोन भगर-आमटी, एक साबुदाणा, त्याच्या झाकणाला लाल दोरा. गोळी सासूबाईंच्या चहाच्या कपाशेजारी, कपाटात नाही. वरणाचं मीठ आधीच मोजून वाटीत काढायचं; वाटी रिकामी दिसली की पडलं समजायचं. अहमदपूरवाल्याला तुपाची धार जास्त. नळाचा पुढचा दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवला, तोवर नळाकडं बघायचं नाही.

नांदेडच्या पोराचे दीड हजार मात्र लिहीत नाही. ते वेटरसारखे डोक्यातच राहू देत.