आमची वाटचाल : आधी सामू, मग जिवाणू

आमचे पहिले उत्पादन म्हणजे लिग्नाइटवरचे (तपकिरी कोळशाच्या भुकटीवरचे) अझोटोबॅक्टर, हवेतला नत्र धरणारे जिवाणू, 250 ग्रॅमचे पाकीट. तृणधान्याला अझोटोबॅक्टर आणि कडधान्याला रायझोबियम ही महाराष्ट्रात रुळलेली वाटणी. तीच आम्ही उचलली. घाटावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत ती चालते. कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीत, जिथे भात काढल्यावर हिवाळ्यात मका घेतात, तिथे चालत नाही. सामू, म्हणजे आम्लता मोजणारा पीएच, 6 च्या खाली गेला की अझोटोबॅक्टर तग धरत नाही, आणि पावसाने चुना-मॅग्नेशियम धुऊन नेलेल्या या मातीत 5 ते 5.5 सामू नेहमीचाच. पाकीट खोटे नव्हते, मातीच वेगळी होती.

या मातीत मका का अडतो? सामू 5.5 च्या खाली उतरला की मातीतले ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि मुळाच्या टोकालाच बाधते. मूळ आखूड, जाड, तपकिरी होते, उपमुळ्या फुटत नाहीत. स्फुरद (फॉस्फरस) असतो, पण लोह आणि ॲल्युमिनियमने धरून ठेवलेला. तीन-चार पानांवरच कडा जांभळट दिसू लागतात आणि शेतकरी आणखी युरिया टाकतो. दुखणे एक, औषध भलतेच.

म्हणून नत्रासाठी आम्ही अझोस्पिरिलमकडे वळलो. मक्यावर हे जिवाणू ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर यांच्या कामामुळे पुढे आले. तिथे आज ते मक्याच्या बियाण्याला सर्रास लावतात. त्यातली लिपोफेरम ही जात किंचित आम्ल माध्यम पसंत करते. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या अर्धघट्ट, नत्रविरहित माध्यमात पृष्ठभागाखाली काही मिलीमीटरवर पांढरा, पातळ पडदा धरला आणि हिरवट माध्यम निळे झाले, की ओळख पटते. एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत : मक्याला या जिवाणूंचा मोठा फायदा हवेतल्या नत्रापेक्षा मुळांचा असतो. ते इंडोल ॲसेटिक आम्ल तयार करतात आणि केशमुळे वाढतात. पण ॲल्युमिनियमने टोके जळलेल्या मुळावर ते बसणार कुठे?

अडकलेला स्फुरद सोडवणाऱ्या जिवाणूंत आम्ही जास्त फसलो. पिकोव्हस्काया या चाचणीच्या माध्यमात जिवाणूंच्या वसाहतीभोवती स्फुरद विरघळल्याचे स्वच्छ कडे पडले की वाण चांगला, असे धरले जाते. त्या माध्यमातला स्फुरद मात्र कॅल्शियमशी बांधलेला असतो, आणि तो सोडवायला साधे आम्लही पुरते. आपल्या मातीतला स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी बांधलेला. कॅल्शियमवर सुंदर कडे पाडणारे कितीतरी वाण ॲल्युमिनियम फॉस्फेटवर गप्प बसतात. आता कड्याची चाचणी फक्त ठरलेल्या मानकापुरती करतो. निवड होते ती ॲल्युमिनियम आणि लोह फॉस्फेटच्या द्रावणात, सामू 5 वर. सायट्रिक, ऑक्झॅलिक यांसारखी आम्ले सोडणारे वाण इथे उजवे ठरतात, कारण ही आम्ले ॲल्युमिनियमलाच पकडतात.

तरीही चुन्याला पर्याय नाही. जिवाणू जमिनीचा सामू वाढवत नाहीत; तसे कोणी सांगत असेल तर बाटली परत ठेवावी. सगळे शेत सुधारायला टनाने चुना लागतो, ते परवडत नाही. सरीत दिला तर एकरी 100 ते 200 किलो, म्हणजे गुंठ्याला अडीच ते पाच किलो, दर हंगामाला पुरतो. ही मात्रा दळलेल्या चुनखडीची. 100 किलो चुनखडीचे काम 74 किलो विरलेला चुना करतो, 56 किलो कळीचा चुना. शिंपल्यांचा भाजलेला चुना स्वस्त पडतो, पण ताजा असताना त्याचा सामू 12 च्या आसपास असतो. त्यावर जिवाणू पडले तर एकही उरत नाही. म्हणून चुना पेरणीआधी दोन ते तीन आठवडे मातीत मिसळून पाणी द्यायचे, जिवाणू नंतर.

पावडरीवरून आम्ही द्रवरूपावर आलो ते उष्णतेमुळे आणि भेसळीमुळे. लिग्नाइट 121 अंशांवर तासभर ठेवूनही आतल्या गुठळ्यांत नको असलेल्या जिवाणूंचे बीजाणू राहतात; दुसऱ्या दिवशी पुन्हा ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करावे लागते. द्रवरूपाचे मानक मिलीलीटरला किमान 10 कोटी पेशी, पावडरीचे ग्रॅमला 5 कोटी. फर्मेंटर (जिवाणू वाढवायची टाकी) 30 अंशांवर, अझोस्पिरिलमला हवा बेताची, 48 तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब. वळवळणाऱ्या, किंचित वाकड्या पेशींत सरळ जाड दांडके दिसले तर ती भेसळ, आख्खी बॅच ओतून देतो. बाटलीत पीव्हीपी (पाण्यात विरघळणारा पॉलिमर) आणि ग्लिसरॉल घालतो, म्हणजे पेशी टिकतात. पण मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात खोके ठेवले तर त्यांचाही उपयोग नाही.

वापरण्याची पद्धत बदलावी लागली ती संकरित बियाण्यामुळे. लाल-गुलाबी रंगाचे बियाणे म्हणजे बुरशीनाशक लावलेले. त्यावर जिवाणू चोळणे वाया. अशा वेळी एकरी दोन्ही जिवाणू (अझोस्पिरिलम आणि स्फुरदाचे) अर्धा-अर्धा लीटर, 100 किलो चाळलेल्या शेणखतात मिसळून, गोणपाटाखाली सावलीत आठवडाभर. मुठीत गोळा व्हावा, पाणी ओघळू नये. मग सरीत बियाण्याजवळ टाकून लगेच मातीआड. रंग नसलेल्या बियाण्याला किलोमागे 10 मिली चोळावे, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. युरिया किंवा डीएपी त्याच सरीत, त्याच दिवशी नको. स्फुरदाचा काही भाग रॉक फॉस्फेटमधून दिला तर या मातीत तो आपोआप विरघळतो. काळ्या जमिनीत तसे होत नाही.

आता प्रत्येक शेतात चुना सगळीकडे, पण पाच ओळी जिवाणूंविना ठेवायला सांगतो. एकविसाव्या दिवशी दोन्हीकडची चार-चार रोपे फावड्याने मातीसकट काढून बादलीत बुडवायची. ओढून काढली तर केशमुळे मातीतच राहतात. जिवाणूंच्या रोपाला माती चिकटून राहिली, उपमुळ्या पांढऱ्या दिसल्या, तर काम झाले. दोन्ही सारखीच आणि टोके तपकिरी असतील तर चुना कमी पडला. दोन्ही सारखीच पण पांढरी असतील, तर आमच्या बाटलीत खोट आहे. बॅच क्रमांक कळवा, पैसे परत.