कव्हर वाचण्याआधी छपाई वाचा : रेकॉर्ड कव्हरांची नोंदवही, टप्पा तिसरा

जुन्या रेकॉर्डींची कव्हरं पाहून त्यांवरच्या चित्रांची आम्ही नोंदवही ठेवतो. निळसर कव्हर दिसलं की त्या वहीत ‘विरह, रात्र’ लिहून मोकळं व्हायचं, ही सवय या टप्प्यात आधी मोडावी लागली. छपाईच्या चार शायांपैकी पिवळी आणि मजेंटा उन्हाला सर्वांत आधी हार मानतात. निळी आणि काळी टिकून राहतात. चोर बाजारात दुकानाबाहेर दोन-तीन उन्हाळे काढलेलं कव्हर त्यामुळे आपोआप ‘उदास’ होतं. गायिकेच्या साडीचा डाळिंबी रंग जांभळट राखाडी होतो, चेहऱ्यावर आजारी छटा येते, आणि आपण त्यावर परिच्छेदभर अर्थ लावून बसतो.

खरा रंग तपासायला पैसा लागत नाही. बहुतेक कव्हरांत दर्शनी कागद पुठ्ठ्याच्या कडेवरून दुमडून मागे किंवा आत चिकटवलेला असतो. तोंडाशी बोटाने पुठ्ठा जरा उघडून टॉर्च मारला की सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची ती पट्टी दिसते. तिने ऊन पाहिलेलंच नसतं. दर्शनी बाजू आणि ही पट्टी यांचा फोटो एकाच उजेडात घ्यायचा. दोन्हींत तफावत असेल तर रंगाचा रकाना पट्टीवरून भरायचा, दर्शनी बाजूवरून नाही. जुन्या पानांवरच्या निळ्या नोंदी आता याच कसोटीवर पुन्हा घासून पाहणं चालू आहे.

भिंग, स्कॅनर आणि दोन दिवे

दहापट मोठं दाखवणारं छापखान्यातलं भिंग पुरतं. कव्हरावर टेकवलं की तीन गोष्टी लगेच कळतात. चार रंगांचे ठिपके फुलासारख्या वर्तुळांत बसलेले दिसले तर ती चाररंगी ऑफसेट छपाई. ठिपकेच नसतील आणि रंग सपाट असेल तर तो रंग वेगळी शाई म्हणून छापलाय. कमी खर्चाच्या कव्हरांवर अशा दोनच शाया असत. तिथे ‘फक्त लाल आणि काळा का निवडला?’ या प्रश्नाला पहिलं उत्तर ‘बजेट’ हेच धरायचं, रौद्ररस नंतर. तिसरी गोष्ट म्हणजे ओठाच्या किंवा टिकलीच्या कडेला दिसणारी लाल-निळी सावली. ती रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, हलल्याची खूण. त्या सावलीला ‘दुहेरी व्यक्तिमत्त्व’ म्हणणारी एक नोंद आमच्याच वहीत सापडली. खोडली.

स्कॅनिंगमध्ये सगळे एकाच खड्ड्यात पडतात. एलपीचं, म्हणजे मोठ्या लाँग-प्ले रेकॉर्डचं, कव्हर साधारण ३१.५ सेंटिमीटर चौरस असतं. ए-फोर स्कॅनरची काच २१ बाय २९.७. दोन तुकड्यांत रुंदी बसते, पण उंचीत जवळपास दोन सेंटिमीटर बाहेर राहतात, आणि कंपनीची खूण, क्रमांक, मोनो-स्टिरिओचा उल्लेख नेमका त्या काठावर असतो. म्हणजे ए-फोरवर चार तुकडे, ए-थ्रीवरसुद्धा दोन. तुकड्यांमध्ये किमान ३ सेंटिमीटरचा ओव्हरलॅप ठेवा, नाहीतर जोडताना वीणेची दांडी वाकते. ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून नंतर निम्मं करायचं. थेट ३०० वर घेतलं तर छपाईची जाळी आणि स्कॅनरची जाळी एकमेकींत अडकून लाटा दिसतात, आणि मग कुणीतरी त्या लाटांना समुद्र म्हणतं.

फोटोच घ्यायचा असेल तर फुल फ्रेम कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, अंतर ८० ते ९० सेंटिमीटर, एफ ८. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. कॅमेरा समांतर आहे का हे पाहायला कव्हराच्या मधोमध छोटा सपाट आरसा ठेवा. व्ह्यूफाइंडरच्या मध्यावर लेन्सचंच प्रतिबिंब दिसलं की काम झालं. मोबाइल असेल तर जवळ जाऊन वाइड लेन्सने घेऊ नका, दूर उभं राहून दुप्पट झूम वापरा. लॅमिनेशनची चमक जात नसेल तर चाळीच्या गॅलरीतला ढगाळ सकाळचा उजेड महागड्या दिव्यांपेक्षा बरा.

वरची पट्टी

कव्हराचे नऊ चौकोन पाडायचे, प्रत्येकी साडेदहा सेंटिमीटर. मधल्या चौकोनात काय, कोपऱ्यांत काय, हे अर्थ न लावता नुसतं लिहून काढायचं. या पद्धतीत एक गोष्ट सतत दिसते: नाव जवळजवळ नेहमी वर. ‘कलाकाराच्या मस्तकावर रागाचं नाव म्हणजे समर्पणभाव’ असं वाचायचा मोह होतो. पण दुकानात रेकॉर्डी खणात उभ्या लावलेल्या असतात आणि गिऱ्हाइकाला वरची सात-आठ सेंटिमीटरच दिसतात. नाव तिथे नसेल तर बोटं पुढे सरकतात. भक्ती असेलही, पण आधी खण.

वरच्या कोपऱ्यातला कुत्राही याच नियमाने वाचायचा. एचएमव्हीच्या रेकॉर्डींना आपल्याकडे ‘कुत्रा छाप’ म्हणत, आणि त्या कुत्र्याचं, निपरचं, मूळ चित्र फ्रान्सिस बरोचं. त्यात आधी सिलिंडरवाला फोनोग्राफ होता. ग्रामोफोन कंपनीला चित्र विकताना १८९९ मध्ये त्यावर पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन रंगवला गेला. इमान आणि निष्ठेचं प्रतीक म्हणून जे पाहतो, त्यात गिऱ्हाइकाच्या सोयीने केलेली दुरुस्ती आहे.

क्रमांकाकडेही बघा. एचएमव्हीच्या मालिकांत ‘ईएएलपी’, ‘ईसीएलपी’ म्हणजे मोनो, ‘ईएएसडी’, ‘ईसीएसडी’ म्हणजे स्टिरिओ. एकच चित्र दोन क्रमांकांवर सापडलं तर दोन्ही शेजारी ठेवून कातरलेल्या कडा मोजा. आपण ज्या रचनेवर भाष्य करतोय ती पहिलीच आहे की पुनर्मुद्रणात सरकलेली, हे तिथेच ठरतं.

रागमाला : सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला

शास्त्रीय संगीताच्या कव्हरांवर रागमालेची, म्हणजे राग-रागिण्यांना माणसांच्या रूपात दाखवणारी, लघुचित्रं भरपूर, आणि त्यांची भाषा मुळातच सांकेतिक. ओळखायच्या खुणा पाठ करून टाकाव्यात. स्त्री, वीणा आणि जवळ येऊन ऐकणारी हरणं : तोडी. डोंगरावर चंदनाचं झाड आणि साप : आसावरी. झोपाळा : हिंदोल. शिवलिंगाची पूजा करणारी स्त्री : भैरवी. पावसात नाचणारा कृष्ण : मेघ. मोरांपाशी मात्र चूक होते. रानात एकटी स्त्री, हातांत माळा आणि भोवती मोर असतील तर ककुभ. मोर आहेत, पण वर काळे ढग, वीज आणि घराकडे निघालेली घाई असेल तर मधुमाधवी. नुसता मोर पाहून मल्हार लिहू नका.

आता अडचण. रागमालेची पानं बहुधा उभी असतात आणि कव्हर चौरस. चौरस करायला वर-खाली कापावं लागतं. राजस्थानी पानांच्या माथ्यावर अनेकदा पिवळी पट्टी असते आणि रागाचं नाव किंवा दोहा तिच्यातच लिहिलेला असतो. कातरीखाली सगळ्यात आधी तीच जाते. म्हणजे चित्राची स्वतःची ओळख गेली आणि खाली कंपनीने छापलेलं रागाचं नाव उरलं. दोन्ही जुळतीलच असं नाही. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात, दोन बाजूंना बहुतेकदा दोन वेगळे राग येतात, आणि कव्हरावर चित्र एकच. ते फार तर एका बाजूचं असणार.

जुळलं तरी घाई नको. त्या चित्रांमागे सहा राग आणि त्यांच्या रागिण्या असा जुना संसार आहे. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी तो बाजूला ठेवून दहा थाट, म्हणजे सुरांवरून केलेले रागांचे गट, मांडले. ते १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेले, म्हणजे आपल्या शहरातलेच. आज रेकॉर्डवर वाजणारा राग थाटाच्या जगातला आहे आणि कव्हरावरची बाई रागिणीच्या. तोडीचंच घ्या. कर्नाटक संगीतातल्या तोडीचे सूर आपल्या हिंदुस्थानी तोडीशी नाही, आपल्या भैरवीशी जुळतात. एकाच नावाखाली सूर असे वेगळे निघतात, मग ‘कोमल गंधाराची आर्तता हरणाच्या डोळ्यांत उतरली आहे’ हे वाक्य कितीही गोड वाटलं तरी वहीत घेऊ नये. लिहायचं ते असं: चित्र तोडी रागिणीचं, रेकॉर्ड अमुक रागाची, जुळणी आहे किंवा नाही, निवडणाऱ्याचं नाव कव्हरावर आहे किंवा नाही. एवढ्याने पुष्कळ कळतं.

मूळ चित्राशी ताडायला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला लघुचित्रांचा विभाग आहे. कव्हर हातात घेऊन जायची गरज नाही, मोबाइलवर नऊ चौकोनांचा फोटो पुरे. तिथे गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती आकाराची. मूळ पान बहुतेक वेळा कव्हराहून लहान असतं. कव्हरावर जी रेषा जाड आणि आत्मविश्वासाची वाटते, ती मुळात केसाएवढ्या कुंचल्याची असते.

उलटं छापलंय का, हेही तपासा. निगेटिव्ह पालथी पडली की डावं-उजवं बदलतं आणि ‘वादक भूतकाळाकडे पाठ करून बसलाय’ असली वाक्यं जन्माला येतात. सतारीची दांडी वादकाच्या डावीकडे, म्हणजे आपल्या उजवीकडे दिसायला हवी. तबलजीचा दायाँ (उंच सुराचा तबला) त्याच्या उजव्या हाताखाली. साडीचा पदर डाव्या खांद्यावर. यांतल्या दोन खुणा उलट्या निघाल्या तर फोटो पालथा. एकच उलटी असेल तर वादक डावखुरा असू शकतो, तेव्हा थांबा.

आपली चित्रं, त्यांची कव्हरं

रविवर्मा प्रेस १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. देवादिकांचं घरोघरी पोचलेलं रूप त्या वाटेने आलं, कॅलेंडरवाल्यांनी ते पुढे नेलं, आणि १९६७ साली असल्याच एका विराट पुरुषाच्या छापील चित्रावरून अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या ‘ॲक्सिस : बोल्ड ॲज लव्ह’चं कव्हर झालं. मध्यभागी हेंड्रिक्स आणि त्याचे साथीदार नोएल रेडिंग व मिच मिचेल यांचे चेहरे. ते कार्ल फेरिसच्या छायाचित्रावरून रॉजर लॉने रंगवले. हेंड्रिक्सच्या अध्यात्माबद्दल या कव्हरावरून बरंच लिहिलं जातं. पण कल्पना रेकॉर्ड कंपनीची होती आणि तो स्वतः त्यावर खूश नव्हता. त्याला आपल्या मूळनिवासी अमेरिकन वारशाची खूण हवी होती. ‘इंडियन’ या एका शब्दाने केलेला घोटाळा.

त्याच वर्षी बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’च्या गर्दीतून गांधीजींना काढण्यात आलं, कारण भारतातल्या विक्रीला धक्का बसेल अशी त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला, ईएमआयला, भीती होती. योगानंद आणि त्यांची गुरुपरंपरा मात्र राहिली, आणि गर्दीसमोर लक्ष्मीची मूर्तीही. म्हणून वहीत आता ‘काय नाही’ असा रकाना वाढवलाय. जॉर्ज हॅरिसनच्या १९७३ च्या ‘लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड’वर तर दोन्ही बाजू मिळूनच वाक्य पूर्ण होतं. पुढे किर्लियन पद्धतीच्या (विजेच्या भाराने वस्तूभोवतीची प्रभा टिपणाऱ्या) छायाचित्रात हातावर हिंदू पदक, मागे तसाच हात आणि अमेरिकन नाणी. नुसता दर्शनी फोटो टाकून चर्चा करणाऱ्यांनी हे कव्हर उलटून पाहावं.

पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’वर लोलकातून निघणाऱ्या रंगीत पट्ट्याबद्दल इतकंच: रंग मोजा. सहाच आहेत, पारवा नाही. मागच्या बाजूला उलटा लोलक आहे, त्यामुळे उघडलेली कव्हरं ओळीने मांडली की पट्टा अखंड चालू राहतो. पुन्हा दुकानच.

हिंदी चित्रपटांच्या कव्हरांवर या टप्प्यात फारसं काम झालं नाही. त्यांतली बरीचशी पोस्टरचीच कलाकृती उचलतात, त्यामुळे वाचायचं ते पोस्टर. अर्धा चेहरा केशरी, अर्धा निळा, पॅलेट नाइफचे जाड फटकारे, ही भाषा रस्त्यापलीकडून दिसण्यासाठी घडली. ती ३१ सेंटिमीटरवर आली की फटकारे गोंगाट करतात. कॅसेटवर आणखी हाल. दर्शनी कागद जेमतेम साडेसहा बाय दहा सेंटिमीटर आणि उभा, म्हणजे चौरसातले डावे-उजवे लोक गळतात. खलनायक बहुधा आधी जातो. श्रेयनामावलीची अक्षरं मात्र मोजायला सुरुवात झाली आहे. देवनागरीत शिरोरेषेपासून तळापर्यंत, मिलिमीटरमध्ये. देवनागरी आणि रोमन यांची उंची एकमेकींशी ताडू नका, संगीतकार आणि नट यांची तुलना एकाच लिपीत करा.

पावसाळ्यापुरतं

जूनपासून नवी स्कॅनिंग बंद. पुठ्ठा दमट हवेत वाकतो, समांतर फोटो येत नाही आणि नऊ चौकोनांची मापं खोटी पडतात. वाकलेलं कव्हर रेकॉर्ड बाहेर काढून दोन हार्डबोर्डांमध्ये, वर-खाली टीपकागद घालून, तीन-चार किलोच्या वजनाखाली दोन दिवस ठेवायचं. पीव्हीसीचं बाहेरचं पाकीट असेल तर काढून टाका. ते घामेजतं, लॅमिनेशनला चिकटतं आणि ओढताना शाई घेऊन येतं. पॉलिप्रॉपिलीनचं घाला.

किमतीचं स्टिकर लॅमिनेटेड बाजूवर असेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा अर्धा मिनिट, मग कोपऱ्यातून नखाने, सपाट. साध्या कागदावर असेल तर हात लावू नका. कागदाचा वरचा थर स्टिकरबरोबर निघतो आणि पांढरा डाग उरतो. पुढच्या मालकाच्या वहीत त्याची नोंद ‘चंद्र’ म्हणून होईल.