पाठीवरची जाळी

आमच्याकडे एक सागवानी आरामखुर्ची आहे. उतरती पाठ, वेताची विणलेली बैठक, आणि दोन्ही हातांखालून बाहेर फिरणाऱ्या लांब फळ्या. त्या ओढायच्या, वर पाय टाकायचे आणि पडायचं. ती पणजोबांनी घेतली एवढंच माहीत आहे.

चिपळूणच्या पडवीत आजोबा जेवून उघड्या अंगाने तिच्यात पडत. चारला चहाला उठले की पाठीवर वेताची जाळी उठलेली असे, अष्टकोनी भोकांसकट. आम्ही पोरं ती भोकं मोजायचो. आजोबा बाहेर गेले असले तरी तिच्यात बसायची आमची टाप नव्हती. ढेकणांना मात्र हा नियम लागू नसावा. दर मे महिन्यात खुर्ची अंगणात उलटी पडे आणि आजी तिच्या फटींत किटलीतलं उकळतं पाणी ओते.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. ओसरल्यावर पाहिलं, तर प्लायवूडचं कपाट पावासारखं फुगलेलं आणि खुर्ची न्हाणीच्या दाराशी चिखलात पालथी. नळीने धुतली, सावलीत वाळवली. सागाच्या अंगातच तेल असतं. शिवाय सगळे सांधे खाचेत कुसू बसवून केलेले, गंजायला एक खिळा नाही. वेत तेवढा कुजला.

विणणारा मिळेना. एके काळी अंधशाळांतून हे काम शिकवत, बोटांनाच दिसतं ते. आता जो तो म्हणे, ‘प्लास्टिकचा घाला, धुता येतो.’ खरं सांगतो, मोह झाला होता. शेवटी एक म्हातारे कारागीर भेटले. पुरात वेत कुजला म्हणून हळहळत होतो, तर यांनी नवा वेत आधी बादलीत बुडवला. भिजल्याशिवाय तो वाकतच नाही. दोन फेऱ्या उभ्या, दोन आडव्या, मग दोन तिरप्या. तिरप्या फेऱ्यांनी चौकोनांचे कोपरे कापले जातात आणि अष्टकोन उमटतो. मी बघतच बसलो. ‘तुम्हाला काही काम नाही का?’ त्यांनी विचारलं.

वाटणीत खुर्ची कुणालाच नको होती. सगळ्यांची घरं लहान. माझंही लहानच, पण मी बोलायला उशीर केला. आता ती ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आहे. बाल्कनीचं दार अर्धंच उघडतं आणि इस्त्रीला जायचे कपडे खुर्चीत साठतात.

गेल्या रविवारी ते कपडे उचलले आणि बनियन काढून पडलो. डोळा लागला. उठून चहाला गेलो तर लेक किंचाळली, ‘आई, बाबांच्या पाठीवर बघ काय उठलंय!’

बायको कैलास जीवन घेऊन आली.